मॉड्यूलर जावा प्रोग्राममधील लॉगिंग: बिघाड शोधण्याची क्रमवार पद्धत

लॉगिंग, म्हणजे प्रोग्रामने आपल्या कामाच्या नोंदी लिहून ठेवणे, चालत नाही अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी कॉन्फिगरेशनची फाइल उघडतात, नोंदी किती बारीक हव्यात ते ठरवणारी पातळी ‘डीबग’ करतात, प्रोग्राम पुन्हा सुरू करतात आणि काहीच बदलले नाही म्हणून पातळी ‘ट्रेस’ करून पाहतात. क्लास पाथवर, म्हणजे जावा जिथे वर्ग शोधते त्या जागांच्या यादीवर, चालणाऱ्या साध्या प्रोग्राममध्ये हे कधीमधी खपून जाते. मॉड्यूलर, म्हणजे एकमेकांत परवानगीनेच डोकावणाऱ्या भागांत विभागलेल्या, प्रोग्राममध्ये मात्र ती फाइल मुळात वाचलीच जात नसण्याची शक्यता इतकी मोठी असते की, ती वाचली जाते याची खात्री होईपर्यंत तिच्यात एक अक्षरही बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून या लेखाचा क्रम उलटा ठेवला आहे: प्रत्यक्षात कोणता प्रोग्राम कोणत्या मॉड्यूलांसह चालू आहे, लॉगिंगची कोणती अंमलबजावणी त्याला जोडली गेली, तिने कोणती फाइल उचलली, आणि त्यानंतरच त्या फाइलमधल्या कोणत्या नियमाने नोंद गाळली.

उदाहरणासाठी पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या आडत्याच्या गाळ्यावर चालणारा हिशोबाचा प्रोग्राम डोळ्यांसमोर ठेवू. त्यात मालाची आवक नोंदवणारे ‘आडत.आवक’, हमाली-तोलाईचा हिशोब करून शेतकऱ्याची पट्टी तयार करणारे ‘आडत.पट्टी’, ती छापणारे ‘आडत.छपाई’, सर्वांना लागणारे सामाईक ‘आडत.गाभा’ आणि प्रोग्राम सुरू करणारे ‘आडत.आरंभ’ अशी पाच मॉड्यूले आहेत. जावा २१ आणि लॉगिंगसाठी एसएलएफ४जे २.० व लॉगबॅक १.५ या लायब्ऱ्या असा संच आहे. छपाईची एक जुनी लायब्ररी मात्र जावाचेच अंगभूत लॉगिंग वापरते. आज्ञा, पर्याय आणि वर्गांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना अर्थातच ती मूळ स्पेलिंगने लिहावीत.

मॉड्यूल आल्याने नेमके काय बदलले

जावाचे अंगभूत लॉगिंग, म्हणजे ‘जावा.युटिल.लॉगिंग’, २००२ साली जावा १.४ सोबत आले. तेव्हापासून २०१७ च्या सप्टेंबरात जावा ९ येईपर्यंत क्लास पाथ हे एक मोकळे मैदान होते: कोणत्याही जारमधली (वर्ग आणि फाइली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यातली) फाइल कोणत्याही लायब्ररीला सापडे आणि कोणताही पब्लिक वर्ग प्रोग्राम चालू असतानाच नावाने मागवून (म्हणजे रिफ्लेक्शनने) तयार करता येई. लॉगिंगच्या लायब्ऱ्या नेमक्या याच दोन सवयींवर उभ्या आहेत. त्या फाइल नावाने शोधतात आणि फाइलमध्ये लिहिलेले वर्ग नावाने घडवतात. जावा ९ च्या मॉड्यूल प्रणालीने या दोन्ही गोष्टींना परवानगीची अट घातली. शिवाय अंगभूत लॉगिंग ‘जावा.लॉगिंग’ नावाच्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये गेले आणि पायाभूत ‘जावा.बेस’ त्यावर अवलंबून राहिले नाही. खुद्द जावाच्या आतल्या नोंदींसाठी ‘सिस्टिम.लॉगर’ ही निराळी सोय करण्यात आली. परिणामी एकाच प्रोग्राममध्ये तीन-चार वाटांनी नोंदी वाहू शकतात आणि त्यांपैकी एकच वाट तुमच्या फाइलपर्यंत पोहोचते.

पहिली पायरी: प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम पाहा

गिटमधली स्क्रिप्ट वाचून निष्कर्ष काढू नये. सर्व्हरवर दुसरीच स्क्रिप्ट चालू असणे ही नित्याची गोष्ट आहे. जेडीकेसोबत, म्हणजे जावाच्या विकास संचासोबत, मिळणारे ‘जेसीएमडी’ हे साधन चालू प्रक्रियेचा क्रमांक देऊन ‘व्हीएम.कमांड_लाइन’ या उपआज्ञेसह चालवले, की प्रोग्राम खरोखर कोणत्या पर्यायांनी सुरू झाला ते कळते, ‘व्हीएम.सिस्टिम_प्रॉपर्टीज’ दिल्यास सर्व सिस्टिम प्रॉपर्टी दिसतात. त्यात ‘लॉगबॅक’, ‘लॉग४जे’ आणि ‘जावा.युटिल.लॉगिंग’ या नावांनी सुरू होणाऱ्या ओळी शोधाव्यात. ‘जावा_टूल_ऑप्शन्स’ आणि ‘जेडीके_जावा_ऑप्शन्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनही पर्याय गुपचूप आत शिरतात. ते उचलल्याची एक ओळ जावा सुरुवातीलाच एरर प्रवाहावर छापते, पण सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामची ती ओळ सहसा कोणी पाहत नाही.

याच टप्प्यावर तक्रारीचे स्वरूप निश्चित करावे. काहीच दिसत नाही, गरजेपेक्षा फार जास्त दिसते, एकच ओळ दोनदा दिसते, किंवा काही मॉड्यूलांच्या नोंदी येतात आणि काहींच्या येत नाहीत, या चार तक्रारींची मुळे वेगवेगळी असतात. पूर्ण शांतता असेल तर संशय अंमलबजावणीवर घ्यावा. डीबगच्या ओळींचा पूर आला असेल तर फाइल सापडलेली नाही, कारण कोणतेही कॉन्फिगरेशन न मिळाल्यास लॉगबॅक डीबग आणि त्यावरच्या सर्व नोंदी कन्सोलवर छापू लागतो. लॉग४जे २ (लॉगबॅकसारखाच दुसरा पर्याय) याच परिस्थितीत नेमका उलटा वागतो आणि केवळ एरर व त्यावरच्या नोंदी दाखवतो. हा फरक लक्षात ठेवला तर अर्धा शोध तक्रार ऐकतानाच संपतो.

दुसरी पायरी: कोणती अंमलबजावणी जोडली गेली

एसएलएफ४जे हा केवळ दर्शनी भाग आहे. नोंद लिहिण्याचे काम लॉगबॅक किंवा तत्सम प्रोव्हायडर करतो. १.७ पर्यंतच्या आवृत्त्या ‘स्टॅटिकलॉगरबाइंडर’ नावाचा एक ठरावीक वर्ग शोधत असत. २०२२ साली आलेल्या २.० आवृत्तीने ती पद्धत सोडून जावाच्या ‘सर्व्हिसलोडर’चा, म्हणजे घोषणेवरून अंमलबजावणी शोधून देणाऱ्या सोयीचा, आधार घेतला. म्हणून एसएलएफ४जे २.० सोबत लॉगबॅक १.२ ठेवला तर दोघांची गाठच पडत नाही: १.२ ची जोडी १.७ शी, तर १.३, १.४ आणि १.५ ची जोडी २.० शी आहे. अशा वेळी एरर प्रवाहावर ‘नो एसएलएफ४जे प्रोव्हायडर्स वेअर फाउंड’ हा संदेश येतो, पाठोपाठ जुन्या पद्धतीचे बाइंडिंग सापडले पण ते दुर्लक्षित केले असे सांगणारी ओळ येते, आणि त्यापुढे सर्व नोंदी निमूटपणे फेकून दिल्या जातात. ही दुसरी ओळ दिसली की वेगळे काही शोधत बसू नये, आवृत्त्या जुळवाव्यात. मेव्हन या बांधणीच्या साधनात ‘डिपेंडन्सी:ट्री’ आणि तशाच ग्रेडलमध्ये ‘डिपेंडन्सीइनसाइट’ चालवले की जुनी आवृत्ती कोणत्या लायब्ररीच्या पाठीवर बसून आली ते समजते.

आवृत्त्या बरोबर असूनही प्रोव्हायडर सापडत नसेल, तर जावा सुरू करताना ‘--शो-मॉड्यूल-रेझोल्यूशन’ हा पर्याय द्यावा. प्रोग्राम सुरू होण्याआधी एक लांबलचक यादी छापली जाते. तिच्यात ‘रूट’, ‘रिक्वायर्स’ आणि ‘बाइंड्स’ असे तीन प्रकारचे शब्द येतात. ‘आडत.पट्टी’च्या ओळीत ‘रिक्वायर्स ओआरजी.एसएलएफ४जे’ असे दिसले म्हणजे दर्शनी भाग मिळाला. पण आपल्याला हवी ती ओळ ‘ओआरजी.एसएलएफ४जे बाइंड्स सीएच.क्यूओएस.लॉगबॅक.क्लासिक’ अशी असते. एसएलएफ४जेच्या मॉड्यूल वर्णनात प्रोव्हायडर वापरत असल्याची ‘युजेस’ घोषणा आहे आणि लॉगबॅकच्या वर्णनात तो पुरवत असल्याची ‘प्रोव्हाइड्स’ घोषणा आहे. या दोन्ही जुळल्या की लॉगबॅकचे मॉड्यूल कोणीही ‘रिक्वायर्स’ न लिहिता आत घेतले जाते. ‘बाइंड्स’ची ओळ नसेल तर लॉगबॅकची जार मॉड्यूल पाथवर (मॉड्यूले शोधण्याच्या जागांच्या यादीत) नाही, किंवा आहे ती योग्य आवृत्ती नाही. ‘जार --डिस्क्राइब-मॉड्यूल’ ही आज्ञा त्या जारवर चालवून ‘प्रोव्हाइड्स’ची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

जेलिंक हे जेडीकेतले साधन वापरून छोटी रनटाइम इमेज, म्हणजे लागतील तेवढ्याच मॉड्यूलांचा जावाचा संच, बनवणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा, कारण डेस्कवर चालणारे लॉगिंग गाळ्यावरच्या संगणकावर बंद पडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. साध्या जावा आज्ञेने प्रोग्राम चालवताना सर्व्हिस पुरवणारी मॉड्यूले आपोआप जोडली जातात. जेलिंक मात्र मुद्दाम तसे करत नाही. तो फक्त ‘रिक्वायर्स’च्या साखळीने पोहोचता येतील तेवढीच मॉड्यूले इमेजमध्ये घेतो. आपल्या पाचही मॉड्यूलांनी शिस्त पाळून केवळ एसएलएफ४जेचे नाव घेतले असेल, तर लॉगबॅक इमेजबाहेरच राहतो. ‘--बाइंड-सर्व्हिसेस’ हा पर्याय दिल्यास प्रश्न सुटतो, पण जावाची नको असलेली अनेक मॉड्यूलेही आत येऊन इमेज फुगते. त्यापेक्षा ‘--ॲड-मॉड्यूल्स’ देऊन लॉगबॅकचे नाव घालावे, किंवा ‘आडत.आरंभ’च्या मॉड्यूल-इन्फोमध्ये, म्हणजे मॉड्यूल वर्णनाच्या फाइलमध्ये, लॉगबॅकसाठी ‘रिक्वायर्स’ लिहावे. शुद्धतावादी मंडळी दुसऱ्या उपायाला नाक मुरडतात. अंमलबजावणीचे नाव कोडमध्ये येऊ नये असे त्यांचे म्हणणे असते. मला तो उपाय अधिक पसंत आहे, कारण लॉगबॅक नसेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही आणि मूग गिळून गप्प बसणाऱ्या प्रोग्रामपेक्षा सुरुवातीलाच ओरडणारा प्रोग्राम परवडतो. अट एवढीच की हे ‘रिक्वायर्स’ फक्त आरंभाच्या मॉड्यूलमध्ये असावे. पट्टी आणि आवक या मॉड्यूलांना लॉगबॅकचा वाससुद्धा लागू नये. तयार इमेजमधील जावा ‘--लिस्ट-मॉड्यूल्स’सह चालवून आत काय आले ते शेवटी तपासावे. मॉड्यूल-इन्फो नसलेल्या, म्हणजे ऑटोमॅटिक मॉड्यूल ठरणाऱ्या जुन्या जार जेलिंक स्वीकारतच नाही, हेही नियोजनात धरावे.

कायमचा बंदोबस्त म्हणून ‘आडत.आरंभ’मध्ये तीन-चार ओळींची तपासणी घालावी. ‘लॉगरफॅक्टरी’कडून ‘गेटआयलॉगरफॅक्टरी’ने मिळणाऱ्या वस्तूच्या वर्गाचे नाव घ्यावे. ते लॉगबॅकच्या ‘लॉगरकॉन्टेक्स्ट’चे असेल तर पुढे जावे, ‘एनओपीलॉगरफॅक्टरी’ असेल तर एरर प्रवाहावर ठळक संदेश छापून प्रोग्राम थांबवावा.

तिसरी पायरी: कोणती फाइल वाचली गेली

याची सर्वांत जलद परीक्षा थोडी रांगडी आहे. जी फाइल वाचली जाते असे वाटते तिच्यात मुद्दाम एक टॅग अर्धवट सोडावा आणि प्रोग्राम सुरू करावा. लॉगबॅकने आरडाओरडा केला तर फाइल वाचली जाते. प्रोग्राम शांतपणे सुरू झाला तर ती फाइल कोणाच्या खिजगणतीत नाही. ही परीक्षा अर्थातच चाचणीच्या संगणकावर घ्यावी, पहाटेच्या आवकेच्या वेळी गाळ्यावर नव्हे.

अधिक तपशील हवा असल्यास ‘लॉगबॅक.स्टेटसलिसनरक्लास’ या सिस्टिम प्रॉपर्टीत ‘ऑनकन्सोलस्टेटसलिसनर’ या वर्गाचे पूर्ण नाव द्यावे. फाइलमधल्या ‘कॉन्फिगरेशन’ टॅगवर ‘डीबग’ला ‘ट्रू’ करूनही हेच साधते, पण मूळ शंका फाइल वाचली जाण्याबद्दलच असल्याने त्या वेळी ही दुसरी पद्धत निरुपयोगी ठरते. लॉग४जे २ वापरणाऱ्यांसाठी ‘लॉग४जे२.डीबग’ ही प्रॉपर्टी आहे. लॉगबॅकच्या या स्टेटस संदेशांतून तो कोणती नावे कोणत्या क्रमाने शोधतो ते एकेक ओळीत उलगडते. आधी ‘लॉगबॅक.कॉन्फिगरेशनफाइल’ ही प्रॉपर्टी दिली आहे का ते पाहिले जाते; फाइलींमध्ये ‘लॉगबॅक-टेस्ट.एक्सएमएल’चा मान ‘लॉगबॅक.एक्सएमएल’च्या आधी असतो. म्हणून चाचणीची फाइल चुकून एखाद्या मॉड्यूलच्या जारमध्ये गेली की खऱ्या फाइलमध्ये कितीही बदल करा, पालथ्या घड्यावर पाणी. दोन मॉड्यूलांनी आपापली ‘लॉगबॅक.एक्सएमएल’ बाळगली असेल, तर ती अनेक ठिकाणी सापडल्याचा इशारा याच संदेशांत येतो. नियम सोपा ठेवावा: कॉन्फिगरेशन फक्त आरंभाच्या मॉड्यूलचे, बाकीच्यांनी ते आणूच नये.

आता मॉड्यूल प्रणालीचा खास अडथळा. मॉड्यूलच्या जारमध्ये अगदी वरच्या स्तरावर ठेवलेली फाइल सर्वांना सापडते. पण ती एखाद्या फोल्डरमध्ये असेल आणि त्या फोल्डरचे नाव पॅकेजचे नाव म्हणून चालण्यासारखे असेल, तर तो फोल्डर मॉड्यूलचे पॅकेज मानला जातो आणि ते पॅकेज ‘ओपन्स’ने खुले केल्याशिवाय आतली एक्सएमएल फाइल बाहेरच्या मॉड्यूलला दिसत नाही. त्यात एकही वर्ग नसला तरी नियम हाच. म्हणजे ‘कॉन्फिग’ नावाच्या फोल्डरातली फाइल दडते, तर मध्ये आडवी रेघ असलेल्या ‘लॉग-कॉन्फिग’ फोल्डरातली फाइल दिसते, कारण आडवी रेघ असलेले नाव पॅकेजला चालत नाही. ‘मेटा-इन्फ’ फोल्डरही याच कारणाने सर्वांना खुला राहतो. याचाच आणखी एक उपद्रव असा की ‘आडत.आवक’ आणि ‘आडत.पट्टी’ या दोघांनीही वरच्या स्तरावर ‘कॉन्फिग’ फोल्डर ठेवला, तर एकच पॅकेज दोन मॉड्यूलांत आले असे ठरून जावा बूट लेयर, म्हणजे सुरुवातीचा मॉड्यूलांचा थर, उभारतानाच कोलमडते. तो संदेश वाचून लॉगिंगची आठवणसुद्धा होत नाही, आणि त्यामुळेच त्यात वेळ फार जातो.

मेव्हनच्या चाचण्यांवर इथे विसंबू नये. शुअरफायर प्लगिन चाचण्या चालवताना चाचणीचे वर्ग मूळ मॉड्यूलमध्येच मिसळते आणि पॅकेजही खुली करून देते. त्यामुळे चाचणीत बिनबोभाट सापडलेली फाइल प्रत्यक्ष मॉड्यूल पाथवर दडलेली असू शकते. खरी तपासणी बांधलेल्या जार घेऊन, खऱ्या आज्ञेनेच करावी.

या सर्व कटकटींवर माझा नेहमीचा उपाय म्हणजे फाइल जारच्या बाहेर, सर्व्हरवरच्या ठरावीक फोल्डरमध्ये ठेवणे आणि ‘लॉगबॅक.कॉन्फिगरेशनफाइल’ या प्रॉपर्टीत तिचा पूर्ण मार्ग देणे. मार्ग अर्धा देऊ नये. सिस्टिमडीखाली चालणाऱ्या सर्व्हिसची चालू डिरेक्टरी वेगळी सांगितली नसेल तर रूट (‘/’) डिरेक्टरी असते, तुम्ही हाताने प्रोग्राम चालवता तो फोल्डर नव्हे. फाइल बाहेर असल्याचा आणखी एक फायदा असा की ‘स्कॅन’ला ‘ट्रू’ केल्यास पातळी बदलल्यावर प्रोग्राम बंद-चालू करावा लागत नाही. स्प्रिंग बूट वापरत असाल तर लॉगिंग उभे करण्याचे काम स्प्रिंग स्वतःकडे घेते. तिथे मार्ग ‘लॉगिंग.कॉन्फिग’ या प्रॉपर्टीत द्यावा.

चौथी पायरी: फाइल वाचली, पण तिच्यातला वर्ग घडेना

समजा, शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक नोंदीत उघडा जाऊ नये म्हणून ‘आडत.गाभा’मध्ये स्वतःचा अपेंडर (नोंद फाइलमध्ये किंवा कन्सोलवर लिहिणारा वर्ग) लिहिला आहे आणि एक्सएमएलमध्ये त्याचे नाव दिले आहे. आयडीईमध्ये क्लास पाथवर तो नीट चालतो. मॉड्यूल पाथवर मात्र लॉगबॅक त्या प्रकारचा अपेंडर तयार करता आला नाही असे सांगतो आणि त्याला जोडलेल्या सर्व नोंदी जातात. कारण उघड आहे: तो वर्ग रिफ्लेक्शनने घडवण्याचे काम लॉगबॅकचे कोअर मॉड्यूल करते आणि त्याला आपल्या पॅकेजात प्रवेश नाही. ‘आडत.गाभा’च्या मॉड्यूल-इन्फोमध्ये ते एकच पॅकेज ‘एक्स्पोर्ट्स … टू सीएच.क्यूओएस.लॉगबॅक.कोअर’ असे लिहून त्या मॉड्यूलपुरते खुले करावे. वर्ग, त्याचा कन्स्ट्रक्टर आणि सेटर पब्लिक असतील तर एवढे पुरते. ‘ओपन्स’ची गरज पडत नाही. संपूर्ण मॉड्यूलच ‘ओपन’ घोषित करणे हा उपाय लोक सर्रास सुचवतात, पण मॉड्यूल करण्याचा खटाटोप मग केलाच कशासाठी, असा प्रश्न पडतो. अंगभूत लॉगिंगसाठी स्वतःचा हँडलर (तिथला अपेंडर) लिहिला असेल तर हीच परवानगी ‘जावा.लॉगिंग’ला द्यावी लागते.

पाचवी पायरी: अंगभूत लॉगिंगची वाट

छपाईच्या लायब्ररीच्या नोंदी येत नाहीत, ही आपल्या उदाहरणातली उरलेली तक्रार. ती लायब्ररी अंगभूत लॉगिंग वापरते आणि त्याला लॉगबॅकच्या फाइलची गंधवार्ता नसते. त्याची स्वतःची मूळ फाइल जावा ९ पासून जेडीकेच्या ‘कॉन्फ’ फोल्डरात ‘लॉगिंग.प्रॉपर्टीज’ या नावाने असते. वेगळी फाइल द्यायची असल्यास ‘जावा.युटिल.लॉगिंग.कॉन्फिग.फाइल’ ही प्रॉपर्टी असते. या प्रॉपर्टीत मार्ग चुकला तरी प्रोग्राम तक्रार न करता सुरू होतो, म्हणून मार्ग दोनदा तपासावा. ‘मेन’ मेथडमध्ये ती प्रॉपर्टी कोडने भरणे हे बऱ्याचदा वरातीमागून घोडे ठरते, कारण तोपर्यंत कोणीतरी लॉगिंगला स्पर्श केलेला असतो आणि फाइल सुरुवातीला एकदाच वाचली जाते.

इथे पातळी दोन जागी असते, हे नवख्यांना ठाऊक नसते. लॉगरची, म्हणजे नोंद घेणाऱ्या वस्तूची, पातळी ‘फाइन’ केली तरी ‘कन्सोलहँडलर’ची स्वतःची पातळी मुळात ‘इन्फो’ असते आणि तो खालच्या नोंदी अडवतो. दोन्ही बदलाव्या लागतात. तिसरा सापळा अधिक फसवा आहे. कोडमधून ‘लॉगर.गेटलॉगर’ने लॉगर घेऊन त्याची पातळी बदलली आणि तो लॉगर कुठल्याही व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला नाही, तर जावाचा लॉगमॅनेजर त्याला केवळ कमकुवत संदर्भाने धरतो. गार्बेज कलेक्शनमध्ये (वापरात नसलेल्या वस्तूंच्या साफसफाईत) तो लॉगर नाहीसा होतो आणि पुढच्या वेळी त्याच नावाचा नवा लॉगर मूळ पातळीसह जन्माला येतो. सुरुवातीला येणाऱ्या नोंदी काही वेळाने आपोआप बंद होत असतील तर प्रथम हेच तपासावे आणि तो लॉगर स्टॅटिक फील्डमध्ये ठेवावा.

सर्व नोंदी एकाच फाइलमध्ये हव्या असतील तर ‘जेयूएल-टू-एसएलएफ४जे’ हा पूल बसवावा. ‘एसएलएफ४जेब्रिजहँडलर’च्या ‘रिमूव्हहँडलर्सफॉररूटलॉगर’ आणि ‘इन्स्टॉल’ या दोन मेथड, याच क्रमाने, आरंभाच्या मॉड्यूलमध्ये अगदी सुरुवातीला बोलवाव्यात. पहिली विसरली तर प्रत्येक ओळ दोनदा दिसते. या पुलाला खर्च आहे: बंद असलेल्या पातळीच्या नोंदीसुद्धा पूल ओलांडून मगच गाळल्या जातात. त्यावर लॉगबॅकच्या फाइलमध्ये ‘लेव्हलचेंजप्रोपगेटर’ घालावा. तो लॉगबॅकच्या पातळ्या अंगभूत लॉगिंगपर्यंत पोहोचवतो. ‘सिस्टिम.लॉगर’च्या नोंदींसाठी ‘एसएलएफ४जे-जेडीके-प्लॅटफॉर्म-लॉगिंग’ हे वेगळे मॉड्यूल आहे आणि तेही सर्व्हिसच्या मार्गानेच जोडले जाते, तेव्हा जेलिंकचा वरचा नियम त्यालाही लागू पडतो.

पूल बसवताना दिशा पाहावी. अंगभूत लॉगिंगकडून एसएलएफ४जेकडे नेणारा पूल आणि एसएलएफ४जेकडून अंगभूत लॉगिंगकडे नेणारा ‘एसएलएफ४जे-जेडीके१४’ प्रोव्हायडर हे दोन्ही एकत्र आले की नोंद गोल गोल फिरत राहते आणि शेवटी स्टॅक ओव्हरफ्लो होतो. कॉमन्स लॉगिंगची मूळ जार आणि तिच्या जागी बसणारी ‘जेसीएल-ओव्हर-एसएलएफ४जे’ यांचीही मॉड्यूल पाथवर एकत्र गुजराण होत नाही, कारण दोघींत एकच पॅकेज आहे. मूळ जार डिपेंडन्सीतून वगळावी.

सहावी पायरी: आता फाइल उघडा

इथवरच्या उत्तरांनी समाधान झाले की मगच एक्सएमएलकडे वळावे. सर्वांत आधी लॉगरची नावे पाहावीत. लॉगरचे नाव सहसा वर्गाच्या पूर्ण नावावरून, म्हणजे पॅकेजवरून येते, मॉड्यूलच्या नावावरून नव्हे. मॉड्यूलचे नाव ‘आडत.पट्टी’ असले आणि आतले पॅकेज ‘इन.आडत.हिशोब’ असले, तर एक्सएमएलमध्ये ‘आडत.पट्टी’ची पातळी कितीही खाली आणली तरी ती कोणालाच लागू होत नाही, आणि असा निरर्थक लॉगर लिहिल्याबद्दल लॉगबॅक हूं की चूं करत नाही. एकाच ओळीच्या दोन प्रती येत असतील तर त्या लॉगरलाही अपेंडर जोडला आहे आणि रूटलाही, म्हणजे सर्वांच्या वरच्या लॉगरलाही, तोच जोडला आहे. ‘ॲडिटिव्हिटी’ला ‘फॉल्स’ करावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे अपेंडर फक्त रूटला ठेवून बाकीच्यांची नुसती पातळी ठरवावी.

सातवी पायरी: वेळ आणि देवनागरी

क्लाउडवरच्या सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर असते. पुण्यात पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी झालेली आवक तिथे आदल्या दिवशी २२:४० ला नोंदली जाते. त्याहून गैरसोयीचे म्हणजे दिवसागणिक नवी फाइल करणारे रोलिंग धोरण यूटीसीच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला फाइल बदलते. बाजार ऐन भरात असताना त्या दिवसाच्या नोंदी दोन फाइलींत विभागल्या जातात, आणि ‘आजची फाइल पाठवा’ म्हटल्यावर पाठवलेल्या फाइलमध्ये पहाटेचा सौदा नसतो. लोक मग नोंद हरवली म्हणून लॉगिंगला दोष देतात. लॉगबॅकमध्ये तारखेच्या पॅटर्नसोबत ‘एशिया/कोलकाता’ हा वेळपट्टा स्वल्पविराम देऊन लिहिता येतो. तो ओळीच्या पॅटर्नमध्ये आणि फाइलच्या नावाच्या पॅटर्नमध्ये, असा दोन्हीकडे लिहावा लागतो; एकीकडे लिहून दुसरीकडे विसरल्यास गोंधळ वाढतो.

शेतकऱ्याचे नाव आणि गाव देवनागरीत असेल तर फाइल उघडून दोन प्रकारची खराबी ओळखायला शिकावे. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे असतील तर लिहितानाच अक्षरे गेली आहेत आणि ती परत मिळणार नाहीत. प्रत्येक अक्षरामागे तीन-तीन विचित्र लॅटिन चिन्हे दिसत असतील तर फाइल बहुधा शाबूत आहे, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते आणि पाहणारा एडिटर ते बाइट सुटे करून दाखवतो आहे. एडिटरची सेटिंग बदलली की काम होते. पहिल्या प्रकारासाठी लॉगबॅकच्या एन्कोडरमध्ये ‘चारसेट’ला यूटीएफ-८ स्पष्ट लिहावे आणि अंगभूत लॉगिंगच्या हँडलरला ‘एन्कोडिंग’ द्यावे. २०२२ च्या मार्चमध्ये आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग झाले, तरी कन्सोलला ते आपोआप लागू होत नाही. विंडोजच्या संगणकावर कन्सोल स्वतःच्या कोड पेजनुसार चालतो. ‘चारसेट’ लिहिण्याची सवय म्हणूनच सोडू नये.

तपास संपल्यावर

तपासासाठी लावलेली स्टेटस लिसनरची प्रॉपर्टी, ‘--शो-मॉड्यूल-रेझोल्यूशन’ आणि खाली आणलेल्या पातळ्या काढून टाकाव्यात. जेलिंकची इमेज नव्याने बांधून दुसऱ्या पायरीतली ‘--लिस्ट-मॉड्यूल्स’ची तपासणी पुन्हा करावी आणि पाचही मॉड्यूलांतून एकेक ओळ, शिवाय छपाईच्या लायब्ररीची एक ओळ, फाइलमध्ये उतरते का ते पाहावे. डीबगच्या नोंदींनी डिस्क भरलेली असेल तर जुन्या फाइली किती दिवस ठेवायच्या ते ‘मॅक्सहिस्टरी’त लिहावे. नुसते ‘टोटलसाइजकॅप’ देऊन भागत नाही. ‘मॅक्सहिस्टरी’ दिलेली नसेल तर ही मर्यादा लागू होत नाही आणि फाइली साठतच राहतात.